धुऱ्यावरची बाटली

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की नांदगाव पेठची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि थोड्याच वेळात गुरुकुंज मोझरी येते. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. गावची सफाई हा त्यांच्या लेखी सामुदायिक प्रार्थनेइतकाच रोजच्या आचरणाचा भाग होता. त्यांच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा आयुष्यभर हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. स्वच्छतेला धर्माचे स्थान देणारी अशी दोन माणसे एकाच जिल्ह्यातून निघावीत, हे वऱ्हाडचे मोठे भाग्य.

या दोघांनी झाडायला सांगितलेला कचरा बहुतेक शेणाचा, पालापाचोळ्याचा, सांडपाण्याचा आणि उघड्यावर बसण्याचा होता. रोगराई पसरवणारा असला तरी हा कचरा मातीच्या ओळखीचा. खड्ड्यात टाकला, वर माती ओढली, की जिवाणू आपले काम करतात आणि वर्षभराने खत हाती येते. खड्डा, माती आणि वेळ या तीन गोष्टींवर गावची सफाई शेकडो वर्षे चालू शकली. पुढे असा कचरा आला, की ज्याच्यासमोर या तिन्ही गोष्टी हतबल ठरतात.

तो कपाशीबरोबर आला. १९७० साली गुजरातेत एच-४ हे संकरित कपाशीचे वाण आले आणि त्यानंतर वऱ्हाडातल्या पऱ्हाटीवर औषधांचा मारा वाढत गेला. जुनी माणसे अजून बीएचसी पावडरीची आठवण काढतात. कपड्याच्या पुरचुंडीतून ती पिकावर धुरळायची, धान्याच्या कोठीतही टाकायची. या पावडरीचे रसायन समजून घेण्यासारखे आहे. कारखान्यात बीएचसी बनते तेव्हा एकाच रेणूचे अनेक आकार तयार होतात. कीड मारण्याचे गुण त्यांतल्या एकाच आकारात असतात, आणि त्याचे प्रमाण जेमतेम पंधरा टक्के. तेवढाच वेगळा काढून विकला, तेव्हा त्याला लिंडेन म्हणाले. एक टन लिंडेनमागे आठ ते बारा टन निरुपयोगी, तरीही विषारी भुकटी उरते. ती कारखान्यांच्या मागे ढिगांनी पडली, जगभर पडली, आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. मातीत काही आकार वर्षानुवर्षे टिकून राहतात. आपल्याकडे बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. बंदीच्या आदेशाने विक्री थांबते. आधीच पडलेली भुकटी मात्र जिथल्या तिथे राहते. हा फरक नीट ध्यानात ठेवला, तर पुढचा सगळा कायदा समजायला सोपा जातो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. वऱ्हाडातल्या इतर जिल्ह्यांतूनही रुग्ण आले. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले. मास्क, हातमोजे, दोन-तीन औषधे एकत्र ढवळण्याची पद्धत, जास्त दाबाचे पंप, डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, अशा सगळ्यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. फवारणी संपल्यावर रिकाम्या बाटलीचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिविषारी औषधाची, बाटली धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडते. विहिरीजवळच पंप भरायचा असतो, म्हणून विहिरीच्या थाळ्याशीही पडते. काही बाटल्या भंगारवाला नेतो, काही तुराट्यांबरोबर जाळल्या जातात, एखादी धुऊन घरात तेलापाण्यालाही वापरली जाते. आतल्या तळाशी राहिलेले थेंब मात्र तेच असतात, ज्यांनी त्या पावसाळ्यात माणसे मारली.

मग कायदा काय म्हणतो? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली नियम झाले. त्यांतला ४४ वा नियम याच विषयावर आहे. रिकामी वेष्टने, उरलेले औषध आणि धुण्याचे पाणी यांची अशी विल्हेवाट लावा की पाणी आणि परिसर दूषित होणार नाही. डबे पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून ते उघड्यावर टाकू नका. फोडून वस्तीपासून दूर पुरा. ज्या काळात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या होत्या, त्या काळाचा हा नियम. पुरा, म्हणजे शेवटी खड्डा आणि मातीच. हा सल्ला आता मागे घ्यायला हवा असे मला ठामपणे वाटते, आणि त्याचे कारण वऱ्हाडच्या जमिनीतच आहे.

काळी कसदार जमीन चैत्र-वैशाखात फाटते. भेगा इतक्या खोल जातात की त्यांत हात सहज शिरतो. मृगाचा पहिला पाऊस मातीतून हळूहळू झिरपण्याआधी या भेगांतून थेट खाली उतरतो. काळ्या मातीची चिकण पुष्कळ रसायनांना धरून ठेवते, हे खरे. पण जी औषधे पाण्यात सहज विरघळतात, ती या वाटेने मुरमापर्यंत आणि तिथून काळ्या पाषाणातल्या चिरांपर्यंत पोहोचू शकतात. त्याच चिरांचे पाणी आपल्या विहिरीत येते. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, गोड्या पाण्याची विहीर मुळातच दुर्मीळ. तिथे पाण्याच्या वाटेवर काय पुरायचे, याचा विचार दहादा करावा लागतो.

कारखान्यांसाठी नियम वेगळे आहेत आणि पुष्कळ कडक आहेत. त्यांचा जन्म भोपाळच्या राखेतून झाला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखाली १९८९ साली घातक कचऱ्याचे पहिले नियम आले. त्याच वर्षी बाझल इथे आंतरराष्ट्रीय करार झाला आणि श्रीमंत देशांनी आपला विषारी कचरा गरीब देशांत लोटण्यावर बंधने आली. भारताने १९९२ साली त्याला मान्यता दिली. १९८९ चे नियम बदलत बदलत आज २०१६ च्या रूपात लागू आहेत.

या नियमांचा गाभा सोपा आहे. घातक कचऱ्याचा प्रत्येक किलो जन्मापासून अखेरच्या ठिकाणापर्यंत कुणाच्या तरी नावावर असला पाहिजे. कारखानदाराला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. कचरा आवारात साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. गाडी निघाली की सात प्रतींचे रंगीत चलन तिच्यासोबत निघते. पांढरी प्रत कारखाना मंडळाला पाठवतो, पिवळी आपल्याजवळ ठेवतो, बाकीच्या वाहतूकदार आणि विल्हेवाट केंद्र यांच्या हातून फिरतात. बैलबाजारात जनावर एका दावणीतून दुसऱ्या दावणीला गेले की पावतीवर दोन्ही धन्यांची नावे लागतात, तशीच ही व्यवस्था. वाटेत कचरा नाल्यात ओतला गेला, तर कोणत्या हातात तो होता हे कागद सांगतो. नुकसान झाले तर कचरा निर्माण करणारा, आणणारा, नेणारा हे सगळे जबाबदार धरले जातात.

कापडगिरणीच्या सांडपाण्यातून निघणारा रासायनिक गाळ, गॅरेजमधले जळके ऑइल, मुदत संपलेली कीटकनाशके आणि घातक रसायनांचे रिकामे पिंपसुद्धा या नियमांच्या यादीत आहेत. विदर्भातला असा कचरा नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या केंद्रात जातो. मोझरीपासून ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. तिथे जाळण्याजोगा कचरा भट्टीत जातो. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात तापमान ११०० अंशांच्या घरात ठेवावे लागते आणि निदान दोन सेकंद धूर त्या उष्णतेत राहावा लागतो, नाहीतर क्लोरीन असलेल्या कचऱ्यातून डायॉक्सिनसारखी विषे बाहेर पडतात. धुऱ्यावर बाटल्या पेटवल्या तर याच्या जवळपासही उष्णता मिळत नाही. जळत नाही तो कचरा पुरतात, पण त्या पुरण्याला खाली चिकणमातीचे थर, जाड प्लास्टिकच्या दुहेरी चादरी, झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या नळ्या आणि चारही बाजूंना तपासणीच्या विहिरी लागतात. खड्डा भरून बंद केल्यावरही तीस वर्षे त्यावर लक्ष ठेवायचे असते.

आता धुऱ्यावरच्या बाटलीकडे परत वळू. कारखान्यातले औषधाचे रिकामे पिंप घातक कचरा ठरते, त्याला चलन लागते. त्याच औषधाची अर्ध्या लिटरची बाटली शेतात रिकामी झाली की तिला कुणी धनी उरत नाही. नियम ज्याला जबाबदार धरतात तो कारखान्याचा किंवा आवाराचा ताबा असणारा. पाच एकरांतला कास्तकार त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येत कीटकनाशकांचे डबे घेतले आणि ते गोळा करायला केंद्रे काढा असेही सांगितले, पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी लिहिलेले होते. औषध खपते शेतात आणि गोळा करायचे केंद्र निघणार होते शहरात. एका तालुक्यात एका हंगामात रिकाम्या होणाऱ्या सगळ्या बाटल्या एका जागी आणल्या, तर तो ढीग कोणत्याही मध्यम कारखान्याच्या नोंदवहीत ठळक अक्षरांत लिहावा लागला असता. विखुरलेला आहे, म्हणून तो कुणाच्याच वहीत नाही.

धनी नसलेल्या विषाचे काय होते, हे विदर्भाने एकदा अगदी जवळून पाहिले आहे. भोपाळच्या त्या कारखान्यात सेविन नावाचे कीटकनाशक बनत असे. कपाशीच्या बोंडअळीसाठीही ते वापरले जाई, म्हणजे आपल्यासारख्याच शेतांसाठी ते तयार होत होते. त्यातल्या कार्बारिल या घटकावर भारतात २०१८ साली बंदी आली. वायूकांडानंतर कारखाना बंद पडला, पण आवारात आणि बाहेरच्या तळ्यांत टाकलेला कचरा तसाच राहिला. जमीन १९९८ साली राज्य सरकारकडे परत आली. मूळ कंपनी २००१ साली डाऊ या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने घेतली, आणि ती म्हणाली की कारखाना आमचा नव्हता. जबरदस्तीने उचलायला लावावे असा माणूसच समोर नाही, अशी ती अवस्था.

२००५ साली आवारातला साडेतीनशे टनांच्या आसपास कचरा गोळा करून एका शेडमध्ये ठेवला गेला. तो जाळायचा कुठे? आधी गुजरातेतल्या अंकलेश्वरचे नाव आले. तिथे विरोध झाला. जुलै २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सांगितले, नागपूरजवळ बोरखेडीला संरक्षण संशोधन संस्थेची, म्हणजे डीआरडीओची भट्टी आहे, तिथे जाळा. नागपुरात खळबळ उडाली. पर्यावरणाचे कार्यकर्ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि राज्य सरकारने नकार दिला, आणि नागपूर खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. पुढच्या वर्षी जर्मनीची एक सरकारी संस्था तो कचरा हॅम्बुर्गला न्यायला तयार झाली; तिकडच्या लोकांनी विरोध केल्यावर तिनेही माघार घेतली. अखेर इंदूरजवळचे पिथमपूर उरले. २०१५ साली तिथे दहा टनांची चाचणी झाली. जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरांतून ३३७ टन कचरा तिथे पोहोचला. गावकरी रस्त्यावर उतरले. त्या वर्षीच्या जूनअखेर सगळा जाळून झाला. जाळताना चुना आणि इतर द्रव्ये घालावी लागतात, म्हणून उरलेली राख आणि अवशेष मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरले.

नागपूरचा नकार मला चुकीचा वाटत नाही. भट्टीची तशी चाचणी झाली नसताना आसपासच्या गावांनी विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? पण प्रत्येक गावाचा नकार योग्य आणि तरीही कचरा चाळीस वर्षे जागचा हलत नाही, तेव्हा दोष गावांच्या नकारात शोधून उपयोग नाही. खरा दोष असा, की ज्याने कचरा निर्माण केला तो समोर असताना आणि त्याचे पैसे हाती असताना त्याच्यावर बोट ठेवले गेले नाही. आणि हे ३३७ टन म्हणजे सगळा कचरा नव्हेच. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने २०१० च्या सुमारास अभ्यास केला तेव्हा दूषित मातीचा अंदाज ११ लाख टनांचा निघाला होता. ती माती अजून भोपाळमध्ये आहे.

अकरा लाख टन माती साफ करायची म्हणजे नेमके काय करायचे? तज्ज्ञ आधी तीन गोष्टी शोधतात. विष कुठे आहे, ते कोणत्या वाटेने चालते, आणि त्या वाटेच्या टोकाला कोण आहे. या तिन्हींपैकी एक तोडली तरी धोका कमी होतो. माती खणून केंद्रात नेता येते. जागा थोडी असेल तर हाच मार्ग खात्रीचा. जागा मोठी असेल तर वरून पाणी शिरू नये म्हणून झाकण घालतात, बाजूने भूमिगत भिंती घालतात. भूजल दूषित असेल तर ते उपसून शुद्ध करतात आणि परत सोडतात, कधी वीस-तीस वर्षे. काही विषे सिमेंट-चुन्यात बांधून टाकतात. काही सेंद्रिय रसायने विशिष्ट जिवाणूंना पचवता येतात, त्यांना हवा आणि खाद्य पुरवावे लागते. शिसे किंवा क्रोमियम यांसारख्या धातूंना मात्र कुठलाच जिवाणू नाहीसे करू शकत नाही. तो फार तर त्यांचे रूप बदलतो.

पैसे कुणी द्यायचे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात १९९६ साली स्पष्ट केले. उदयपूरजवळच्या या गावी रंगद्रव्यांसाठी लागणारे एच-आम्ल बनवणाऱ्या कारखान्यांनी सुमारे २४०० टन गाळ उघड्यावर टाकला, पावसाने तो विहिरींत उतरला आणि पाणी वापरण्याजोगे राहिले नाही. घाण करणाराच भरेल, आणि फक्त माणसांची भरपाई नव्हे तर जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही भरेल, असा निकाल लागला. रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाखांची. कारखानदारांनी अर्जांवर अर्ज करून वसुली लांबवली. २०११ साली न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. तत्त्व स्थापन होऊन पंधरा वर्षे गेली होती, आणि गावच्या विहिरी त्या सगळ्या काळात तशाच होत्या.

अशा जागांसाठी देशात स्वतंत्र नियम मात्र नव्हते. ते २४ जुलै २०२५ रोजी आले. देशभर तोपर्यंत १०३ दूषित जागा निश्चित झाल्या होत्या आणि काम फक्त सात ठिकाणी सुरू होते. नव्या नियमांनी पहिली जबाबदारी जिल्हा प्रशासनाकडे दिली आहे. संशयित दूषित जागांचा अहवाल जिल्ह्याने दर सहा महिन्यांनी द्यायचा. मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग तीन महिन्यांत सविस्तर. १८९ घातक रसायनांच्या पातळ्यांशी नमुने ताडून पाहायचे. जागा दूषित ठरली की ती जाहीर करायची, जबाबदार कोण ते ९० दिवसांत शोधायचे, आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्याने मिळून करायचा. अमेरिकेने न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल इथल्या पुरलेल्या रासायनिक कचऱ्याच्या प्रकरणानंतर १९८० सालीच असा कायदा केला होता. आपण पंचेचाळीस वर्षे उशिरा पोहोचलो. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातले तेल आणि गावशहरांचे कचरा डेपो या नियमांतून वगळले आहेत, कारण त्यांना वेगळे नियम आहेत. शिक्षेच्या बाजूला मात्र उलटी हालचाल झाली. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातली नियमभंगासाठीची कैद काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख हे साफसफाईच्या खर्चापुढे काहीच नाहीत, ही या बदलातली गंभीर उणीव आहे.

धुऱ्यावरच्या बाटलीला धनी मिळवून देणारा देशही आहे. ब्राझीलने २००० साली कायदा केला: शेतकऱ्याने औषधाची बाटली तीनदा खळखळून धुवायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचे, आणि खरेदीपासून वर्षभरात बाटली परत करायची. कुठे परत करायची ते दुकानदाराने बिलावर लिहून द्यायचे. गोळा करून पुढची विल्हेवाट लावायची कंपन्यांनी. त्यासाठी त्यांनी मिळून २००१ साली संस्था काढली. आज तिथल्या औषधांच्या प्लास्टिक बाटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परत येतात. यात अवघड तंत्रज्ञान कुठेच नाही. तिवसा किंवा चांदूर बाजारच्या कृषी केंद्रावर बिल तर आजही मिळते. त्या बिलावर एक ओळ वाढवायला आणि कंपन्यांची गाडी हंगामात दोनदा यायला काय हरकत आहे, हा प्रश्न खरीपपूर्व बैठकीत जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे. तीनदा धुण्याला तर कुणाच्या आदेशाची वाटही पाहायला नको; आतले बहुतेक औषध त्यानेच निघते आणि विकत घेतलेला थेंब पिकावर जातो.

जिथे विष आधीच जमिनीत आहे तिथे २०२५ च्या नियमांचा उपयोग गावाने करून घ्यावा लागेल. सहा महिन्यांचा अहवाल कोऱ्या कागदावर संपू नये, म्हणून ग्रामसभेने आपल्या शिवारातली जागा लेखी कळवावी. गट क्रमांक, पूर्वी तिथे काय होते, म्हणजे जुने औषधाचे गोदाम, बंद पडलेला कारखाना, बॅटऱ्या फोडण्याची जागा, रात्री टँकर रिकामे होतात तो नाला, कोणत्या वर्षांपासून, जवळच्या विहिरी किती अंतरावर आणि उताराच्या कोणत्या बाजूला, पाण्याचा रंग, वास, त्यावर येणारा तवंग. पाण्याचे नमुने उन्हाळ्याच्या अखेरीला एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा घेण्याची मागणी करावी, कारण भेगांतून उतरलेले पाणी विहिरीत केव्हा पोहोचते हे त्या दोन निकालांच्या फरकातून कळते. ठरावाची एक प्रत तहसील कार्यालयाला, एक जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अमरावती येथील प्रादेशिक कार्यालयाला द्यावी आणि तिन्हींवर आवक क्रमांक घ्यावा.